सोन्याच्या किल्लीने उघडलेली वेस

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगेत असीरगड उभा आहे. दक्षिणेचा दरवाजा अशी त्याची ख्याती होती. जुन्या खानदेशाचे स्वातंत्र्य या गडाच्या तटावर अवलंबून होते. अकबराने त्याला वेढा घातला, तोफा डागल्या, महिनोन्‌महिने वाट पाहिली. परंतु गड हाती येईना. अखेर १६०१ च्या जानेवारीत गड पडला तो तोफांनी नव्हे. आतील सरदारांना मोहरा पोचल्या आणि दरवाजे उघडले, असे इतिहासकार सांगतात. ‘सोन्याच्या किल्लीने उघडलेला गड’ ही असीरगडाची ओळख तेव्हापासूनची.

शंभर वर्षांनी औरंगजेबाने सह्याद्रीत तोच मार्ग धरला. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्याने मराठ्यांचे एकामागून एक किल्ले घेतले. त्यांतील बहुतेक किल्ले किल्लेदारांना रक्कम मोजून पदरात पाडून घेतलेले होते. निखळ लढून घेतलेला म्हणून तोरण्याचे नाव वेगळे काढून सांगावे लागते, यातच सारे आले. शत्रूच्या शौर्यापेक्षा आपल्या पहारेकऱ्याची किंमत ठरणे अधिक घातक असते, हा या भूमीने पुनःपुन्हा दिलेला धडा आहे. आणि तो पुनःपुन्हा विसरला गेलेला धडाही आहे.

हा धडा विसरल्याचे भयानक मोल मुंबईने १२ मार्च १९९३ रोजी मोजले.

दोन तास दहा मिनिटे

त्या शुक्रवारी दुपारी दीड वाजता मुंबई शेअर बाजाराच्या तळघरातील वाहनतळावर उभी असलेली एक मोटार फुटली. त्यानंतर ३ वाजून ४० मिनिटांपर्यंत काथा बाजार, दादरचा पेट्रोलपंप, एअर इंडियाची इमारत, वरळीचा सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह आणि तीन पंचतारांकित हॉटेले स्फोटांनी हादरली. माहीमच्या कोळीवस्तीवर आणि सहार विमानतळावर हातबॉम्ब फेकले गेले. २५७ माणसे मृत्युमुखी पडली, ७१३ जखमी झाली. एकट्या सेंच्युरी बाजारापाशी ११३ आणि शेअर बाजारात ८४ जण गेले. बसमधले प्रवासी, डबा खायला बाहेर पडलेले कारकून, पदपथावरचे विक्रेते, सराफी पेढ्यांतील कारागीर अशी ही माणसे होती. त्यांत सर्व धर्मांची, सर्व जातींची, सर्व प्रांतांची माणसे होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर एखाद्या नागरी वस्तीवर आरडीएक्सचा एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापर प्रथमच झाला, असे त्या वेळी जाणकारांनी म्हटले. कटाचा सूत्रधार म्हणून दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन यांची नावे पुढे आली. प्रशिक्षण पाकिस्तानात झाले, माल पाकिस्तानातून आला, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसे मरण पावली होती. त्या ओल्या जखमेचा उपयोग करून तरुण गोळा करण्यात आले, हेही खरे.

परंतु येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. क्रोधाने माणूस दगड उचलतो, फार तर सुरा उपसतो. क्रोधातून आरडीएक्स निर्माण होत नाही. ते शत्रूच्या कारखान्यातून यावे लागते, समुद्र ओलांडावा लागतो, किनाऱ्यावर उतरावे लागते, डोंगरातील रस्त्याने शे-दोनशे किलोमीटर वाहून न्यावे लागते. या प्रवासात भारतीय राज्यसंस्थेचे किती पहारे लागतात! किनाऱ्यावर सीमाशुल्क खाते आहे, रस्त्यावर पोलीस आहेत, फाट्यावर नाकाबंदी आहे, शहराच्या वेशीवर जकात नाके होते. मग टनांच्या हिशेबातला हा माल माहीमच्या गॅरेजपर्यंत सुखरूप कसा पोचला?

याचे उत्तर कोणत्याही गुप्त अहवालात दडलेले नाही. ते न्यायालयाच्या निकालपत्रात उघड्या अक्षरांत लिहिलेले आहे. माल पैशाच्या बळावर पोचला.

दिघी आणि शेखाडी

रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी हे दोन किनारे. ९ जानेवारी १९९३ रोजी दिघीला, ३ आणि ७ फेब्रुवारीला शेखाडीला शस्त्रे आणि स्फोटके उतरली. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. होय, अडवल्या होत्या! श्रीवर्धन पोलीस ठाण्याचा एक उपनिरीक्षक आणि त्याचे शिपाई त्या रात्री तेथे उभे होते. कायदा गाडीसमोर उभा होता, त्याच्या हाती अधिकार होता. त्याने गाडी उघडायची तेवढी बाकी होती. त्याऐवजी सौदा झाला. रोकड हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवण्यात आल्या आणि गाड्या पुढे गेल्या.

सीमाशुल्क खात्याची कथा याहून लाजिरवाणी. अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांच्यापासून निरीक्षकापर्यंत अधिकाऱ्यांची साखळी या खटल्यात दोषी ठरली. माल उतरणार असल्याची खबर खात्याकडे होती. त्यावर पहारा लावल्याचे दाखवले गेले. परंतु ज्या वाटेने गाड्या जाणार ती वाट मोकळी ठेवली गेली, हे सरकार पक्षाचे म्हणणे होते. टाडा न्यायालयाचे न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी २००६ आणि २००७ मध्ये निकाल दिला तेव्हा १०० आरोपी दोषी ठरले. थापा यांना आणि श्रीवर्धनच्या त्या उपनिरीक्षकाला जन्मठेप झाली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल देताना पोलीस आणि सीमाशुल्क खात्याच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. पहारेकरी जागे असते तर हा अनर्थ टळू शकला असता, असा त्याचा आशय होता.

दोषींच्या या यादीकडे आणखी एका दृष्टीने पाहणे आवश्यक आहे, आणि राष्ट्रहिताची चाड असणाऱ्यांनी ते न कचरता पाहिले पाहिजे. वाट विकणाऱ्या अधिकाऱ्यांत आणि शिपायांत मुसलमान नाव होते, तशी हिंदू नावेही होती. थापा, सिंग, गुरव, पाटील ही आडनावे काही शत्रुराष्ट्राची नव्हेत. घरी देव्हारा असणारी, सणवार पाळणारी, १५ ऑगस्टला गणवेशात झेंड्याला सलामी देणारी ही माणसे होती. कटाची आखणी करणारे शत्रूच्या छत्राखाली होते. परंतु वेशीचा अडसर काढणारे हात आपल्याच माणसांचे होते. या सत्याकडे पाठ फिरवून कोणत्याही एका समाजाकडे बोट दाखवणे सोपे आहे. तसे केल्याने गोंडघर फाट्यावरचा पहारा मात्र एका माणसानेही वाढत नाही.

‘त्यांना काय ठाऊक?’

या अधिकाऱ्यांच्या बचावार्थ एक युक्तिवाद वर्षानुवर्षे ऐकू येतो. ‘गाडीत चांदी आहे असे त्यांना वाटले होते. आरडीएक्स आहे हे ठाऊक असते तर त्यांनी गाडी सोडली नसती.’ ऐकायला हा युक्तिवाद समजूतदार वाटतो. मध्यमवर्गीय मनाला तो पटतोही. परंतु थोडा विचार केला तर आरोपाची सारी धार या बचावातच सापडते.

लाच घेणारा पहारेकरी डोळे मिटण्याचे पैसे घेतो. एकदा डोळे मिटले की समोरून काय जाते हे निवडण्याचा अधिकार त्याला उरत नाही. चांदीसाठी मिटलेले डोळे स्फोटकांसाठी आपोआप उघडत नसतात. तस्कराला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच शत्रूने नवी वाट शोधली नाही, नवी माणसे फोडली नाहीत. चांदीची, सोन्याची, परदेशी घड्याळांची आणि व्हिडिओ यंत्रांची जी वाट कित्येक वर्षे तुडवली जात होती, तीच वाट, तेच होडीवाले, तेच फाटे आणि तेच ठरलेले दर त्याने वापरले. वाट आधीच विकली गेलेली होती. शत्रूने तिच्यावरून फक्त वेगळा माल नेला.

आणि ही वाट एवढी रुळली कोणामुळे? ‘फॉरेनची वस्तू’ घरात आली की पाहुण्यांना कौतुकाने दाखवणारा समाज त्या वाटेचा गिऱ्हाईक होता. मुंबईला गेलेला माणूस मुसाफिरखान्यातून किंवा मनीष मार्केटमधून स्वस्तात घड्याळ, टेपरेकॉर्डर घेऊन आला की त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पावती मागण्याचा प्रश्नच नव्हता. दिघी-शेखाडीचा किनारा त्या पावती नसलेल्या खरेदीवर पोसला गेला होता. २५७ चितांचा आणि कबरींचा संबंध आपल्या दिवाणखान्यातील घड्याळाशी जोडणे कोणाला अतिशयोक्त वाटेल. परंतु तस्कराच्या धंद्याचे गणित गिऱ्हाइकावाचून पुरे होत नाही, हे नाकारता येईल काय?

दडपलेली पाने

स्फोटांनंतर केंद्र सरकारने जुलै १९९३ मध्ये तत्कालीन गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्या, राजकारणी आणि शासकीय अधिकारी यांच्या साट्यालोट्याचा शोध घेणे हे तिचे काम. त्याच वर्षी ऑक्टोबरात समितीने अहवाल दिला. मग काय झाले? जवळजवळ दोन वर्षे तो कपाटात पडून राहिला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये, वेगळ्याच एका प्रकरणावरून देशभर गदारोळ उठल्यावर, तो संसदेत ठेवण्यात आला. तोही मोजक्या पानांचा. गुन्हेगारांचे जाळे समांतर शासन चालवत असल्याचे त्यात मान्य केले होते. पण नावे? देशाच्या वेशी विकणाऱ्यांचे आश्रयदाते कोण, हे जनतेला कधीच सांगण्यात आले नाही.

फासावर गेला तो एकटा याकूब मेमन, ३० जुलै २०१५ रोजी, नागपूरच्या कारागृहात. त्या पहाटेपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे दरवाजे त्याच्यासाठी उघडे होते. देशातील नामवंतांनी त्याच्या दयेसाठी निवेदने काढली. गुन्हेगारालाही न्यायाची शेवटची संधी देणारी ही व्यवस्था आहे, याचा अभिमानच वाटावा. परंतु सेंच्युरी बाजारापाशी भाजून मेलेल्यांसाठी, व्होरा अहवालाची उरलेली पाने उघडा, अशी मागणी करणारे निवेदन यांपैकी किती जणांनी काढले? दाऊद आणि टायगर मेमन तीस वर्षांहून अधिक काळ भारतीय न्यायालयासमोर आलेले नाहीत. आणि त्यांना वाट देणाऱ्या व्यवस्थेवर तर खटलाच भरला गेला नाही. शिक्षा झाली ती काही व्यक्तींना.

खानदेशाच्या वेशीवर

मुंबई आणि रायगड दूर आहेत, आपला काय संबंध, असे धुळे-जळगावच्या वाचकाला वाटत असेल तर त्याने नकाशा उघडावा. धुळे शहरापाशी मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. सोलापूरकडे जाणारा महामार्गही येथूनच निघतो. उत्तरेकडून येणारी गाडी शिरपूर तालुक्यात हाडाखेडच्या नाक्यावरून महाराष्ट्रात शिरते, गुजरातकडून येणारी नवापूरवरून. देशाच्या चारही दिशांची मालवाहतूक खानदेशाच्या अंगणातून जाते. असीरगड जर दक्षिणेचा दरवाजा होता, तर धुळे हा आजच्या दक्षिणेचा चौक आहे.

आणि या चौकाच्या वाटेवर काय घडले आहे? मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड रस्त्यावर एका टाटा सुमोचा आणि एका इंडिकाचा पाठलाग केला. सुमो हाती लागली. तिच्यात सुमारे ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे सापडली. धुळ्याहून ही जागा शंभर किलोमीटरच्या आत आहे. हा माल मुक्कामाला पोचला असता तर किती बाजार, किती बसस्थानके उद्ध्वस्त झाली असती याची कल्पनाच केलेली बरी. त्या पथकाने आपले डोळे विकले नव्हते, म्हणून ते वाचले. त्या अधिकाऱ्यांचा गौरव गावोगावी व्हायला हवा होता.

परंतु इंडिका निसटली. ती चालवणारा झबीउद्दीन अन्सारी, ऊर्फ अबू जुंदाल, मालेगावमार्गे पसार होऊन पुढे पाकिस्तानात पोचला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत माणसे मारणाऱ्या दहा जणांना कराचीतून सूचना देणाऱ्यांत तो होता, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. २०१२ मध्ये त्याला सौदी अरेबियातून भारतात आणण्यात आले आणि २०१६ मध्ये शस्त्रसाठ्याच्या खटल्यात विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यांत त्याला जन्मठेप झाली. रस्त्यावरून निसटलेल्या एका गाडीची किंमत किती असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात स्फोटकांनी भरलेल्या मारुती ईको गाडीने केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्याला धडक दिली आणि ४० जवान हुतात्मा झाले. त्यांत दोघे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले. एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. मलकापूरची अंत्ययात्रा पाहायला जळगाव जिल्ह्यातूनही माणसे गेली होती. राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्या ईकोचा माग काढला तेव्हा २०११ मध्ये विकली गेलेली ती गाडी सात हात बदलून अखेर मारेकऱ्याकडे आल्याचे निष्पन्न झाले. एका हातातून दुसऱ्या हाती गाडी जाताना आपण कोणाला विकत आहोत, याची चौकशी करावी असे वाटेत कोणाला वाटले असेल काय?

नित्याचे कर्तव्य

दहशतवादाशी लढा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कमांडो, हेलिकॉप्टर, सीमेपलीकडचा प्रतिहल्ला येतो. त्याचेही मोल आहेच. परंतु जगभरातील अनुभव काही वेगळेच सांगतो. १९ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात भाड्याच्या ट्रकमध्ये स्फोटके भरून एक सरकारी इमारत उडवण्यात आली. १६८ माणसे मेली, त्यांत १९ लहान मुले होती. मारेकरी टिमोथी मॅक्व्हे हा अमेरिकेच्याच सैन्यातील माजी सैनिक. तो सापडला कसा? स्फोटानंतर दीड तासाच्या आत महामार्गावरील एका साध्या पोलिसाने त्याची मोटार अडवली, कारण तिच्यावर क्रमांकाची पाटी नव्हती. त्या पोलिसाला स्फोटाच्या कटाची काडीमात्र कल्पना नव्हती. त्याने फक्त आपले नित्याचे काम केले. शंभराची नोट घेऊन त्याने ती मोटार सोडली असती तर?

मुंबईतही हेच घडले आहे. १२ मार्च १९९३ च्या कटाचा पहिला धागा हाती लागला तो वरळीत बेवारस उभ्या असलेल्या एका मारुती व्हॅनमुळे. तिच्यात रायफली आणि हातबॉम्ब होते. पोलिसांनी तिच्या नोंदणीचा कागद शोधला आणि तो मेमन कुटुंबाच्या दारापर्यंत घेऊन गेला. ज्या राज्ययंत्रणेच्या एका हाताने गोंडघर फाट्यावर गाडी न तपासता सोडली, त्याच यंत्रणेच्या दुसऱ्या हाताने गाडीचा कागद तपासून कट उघडकीस आणला!

२५ ऑगस्ट २००३ रोजी गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार येथे दोन टॅक्सींत ठेवलेले बॉम्ब फुटले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. गेटवेच्या टॅक्सीचा चालक गाडीपासून दूर होता म्हणून वाचला. परप्रांतातून पोट भरायला आलेला हा गरीब माणूस. गाडीत कोण बसले होते, त्यांचे चेहरे कसे होते, ते काय बोलले, हे त्याने लक्षात ठेवले आणि न घाबरता सांगितले. त्याच्या माहितीवरून आरोपींपर्यंत पोचता आले. २००९ मध्ये विशेष न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली.

खाकी गणवेश दोघांच्याही अंगावर होता. एक गणवेश राज्याने दिलेला, तारा लावलेला, निवृत्तिवेतनाची हमी असलेला. दुसरा टॅक्सीवाल्याचा, घामाने विटलेला. राष्ट्ररक्षण कोणी केले? पुढे २००८ मध्ये गिरगाव चौपाटीवर हाती केवळ काठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांनी राज्याच्या गणवेशाची लाज राखली. गोंडघर फाट्यावर जी पायरी विकली गेली, त्याच पायरीचे मोल ओंबळे यांनी प्राण देऊन चुकवले.

लाच म्हणजे शिष्टाचार?

‘नाक्यावर द्यावेच लागतात’, ‘सगळेच घेतात’, ‘आपले काम झाल्याशी मतलब’. ही वाक्ये आपल्या घरांत, दुकानांत, लग्नाच्या मांडवात सहज उच्चारली जातात. ज्याची मुले देशभक्तिपर गीते पाठ म्हणतात, ज्याच्या दारावर सणाला भगवी पताका लागते, तोच गृहस्थ वाहन-परवान्यासाठी दलालाला पैसे मोजून मोकळा होतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा त्याला कंटाळा येतो. जुनी मोटारसायकल विकताना नाव बदलण्याचे कागद ‘नंतर बघू’ म्हणून तो तसेच ठेवतो. सिमकार्डासाठी दुसऱ्याच्या ओळखपत्राची प्रत देणारा दुकानदार त्याला ओळखीचा असतो. यांतील एकेक गोष्ट क्षुल्लक. पण शत्रूला मोठे भगदाड लागत नाही. त्याला अशाच बारीक फटी पुरतात, आणि त्या आपण आपल्या सोयीसाठी ठेवलेल्या असतात.

राष्ट्रभक्ती ही घोषणेच्या वेळी सिद्ध होत नाही. घोषणेला काहीच खर्च नसतो. पाचशे रुपये वाचत असताना, दोन तास रांगेत उभे राहावे लागत असताना, ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणावे लागत असताना ती सिद्ध होते. पाकिस्तानला शिव्या घालणारा आणि संध्याकाळी नाक्यावर पैसे सरकवणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या शिव्यांनी इस्लामाबादला काय भीती वाटणार? त्याच्या पैशांनी मात्र नाक्यावरचा अडसर रोज थोडा सैल होत असतो.

कायदा आज पूर्वीपेक्षा कठोर आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. लाच घेणाऱ्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहेच. लाच देणाराही आता स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरतो. ज्याला लाच देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर कायदा त्याला संरक्षण देतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. शस्त्र कोणाच्याही हाती नाही, असे आता म्हणता येणार नाही. उचलण्याची इच्छा आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

शासनाचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. सीमेवरील नाका, किनाऱ्यावरील चौकी आणि महामार्गावरील तपासणी या ठिकाणी घेतलेली लाच ही तलाठ्याने सातबाऱ्यासाठी घेतलेल्या लाचेसारखी मोजता कामा नये. दोन्ही पापे आहेत. परंतु पहिल्यात देशाची वेस विकली जाते. गाडी न तपासता सोडणाऱ्याने आत काय होते हे आपल्याला ठाऊक नव्हते, अशी सबब सांगायची सोय कायद्याने ठेवू नये. पैसे घेऊन डोळे मिटले, एवढा गुन्हा पुरेसा मानला जावा. अशा बदल्यांचे आणि नेमणुकांचे बाजार ज्या मंत्रालयातून चालतात, त्यांचे हिशेबही त्याच तराजूत तोलले गेले पाहिजेत. पक्ष कोणताही असो, झेंडा कोणताही असो. स्वतःला राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या शासनाकडून तर ही अपेक्षा दुप्पट असायला हवी, आणि ती पुरी झाली नाही तर जाब विचारण्याचा अधिकार सर्वप्रथम राष्ट्रवादी कार्यकर्त्याचा आहे.

खानदेशच्या कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबांनी यातून काही नेम करण्यासारखे आहेत. गाडी विकली तर त्याच आठवड्यात कागद बदलावेत. भाडेकरू ठेवला तर त्याची नोंद द्यावी, मग तो आपल्या जातीचा असो की परक्या. सोने घेताना पावती घ्यावी. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावला तर हे अधिक शोभेल. परवान्यासाठी रांगेत उभे राहावे. प्रामाणिक पोलिसाची, प्रामाणिक निरीक्षकाची बदली झाली की गावाने त्याच्यासाठी उभे राहावे, कारण आज तो बहुधा एकटा असतो. आणि लाच मागणाऱ्याचे नाव सांगताना, तो आपल्या नात्यातला आहे काय हे पाहू नये.

असीरगडाचा तट आजही उभा आहे. त्याचा एक चिराही शत्रूच्या तोफेने ढळवल्यामुळे गड गेला नाही. आत राहणाऱ्यांनी आपली किंमत ठरवून घेतली आणि दक्षिणेचा दरवाजा उघडला. चारशे वर्षांनी दिघीच्या किनाऱ्यावर तेच झाले आणि २५७ कुटुंबांचे दरवाजे कायमचे बंद झाले. पुढची गाडी कोणत्या रस्त्याने येईल, हे कोणालाच सांगता येणार नाही. ती ज्या नाक्यावर पहिल्यांदा थांबेल, तेथे उभा असलेला माणूस विकाऊ असू नये, आणि त्याला विकत घेण्याची सवय आपण लावलेली असू नये. एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.